विश्लेषण : सेंटिमीटरभराच्या पतंगाला ट्रम्प यांचे नाव का मिळाले? नवी प्रजाती ‘शोधणे’ म्हणजे नेमके काय?

डोक्यावर पिवळट-पांढरे खवले असलेला एक इवलासा पतंग जानेवारी २०१७ मध्ये जगभरच्या बातम्यांत झळकला. कारण होते त्याचे नाव – ‘निओपाल्पा डोनाल्डट्रम्पी’. नावावरून विनोद झाले, छायाचित्रे फिरली आणि काही दिवसांत बातमी मागेही पडली. पण हा पतंग काही कुणी त्या आठवड्यात जाळ्यात पकडून आणलेला नव्हता. त्याचे नमुने संग्रहालयात टाचणीला टोचून ठेवलेले होते. ते वेगळ्या प्रजातीचे आहेत हे कळण्यासाठी मात्र कुणीतरी ते नीट पाहण्याची गरज होती. नवी प्रजाती ठरते कशी, तिचे नाव कोण ठेवते आणि एवढ्याशा पतंगाला नाव असण्या-नसण्याने कुणाचे काय अडते, हे या उदाहरणातून समजून घेता येते. महाराष्ट्रासाठी तर हा विषय जवळचाच, कारण कपाशीवरची गुलाबी बोंडअळी याच पतंगाच्या कुळातली आहे.

हा पतंग नेमका कसा आहे?

पंख पसरले तरी जेमतेम एक सेंटिमीटर, म्हणजे आपल्या करंगळीच्या नखाएवढा हा जीव. पुढच्या पंखांवर पिवळसर-नारिंगी आणि तपकिरी छटा, आणि डोक्यावर पिवळट-पांढऱ्या खवल्यांचे दाट आवरण. हे खवले बघून संशोधकाला अमेरिकेच्या नव्या अध्यक्षांची केशरचना आठवली. घरातल्या ट्यूबलाइटभोवती पावसाळ्यात जे बारके पतंग भिरभिरतात, त्यांच्यात तो बसला तर वेगळा ओळखू येणार नाही.

तो ‘गेलेकिइडी’ या कुळातला आहे. या कुळात जगभरातल्या साडेचार हजारांहून अधिक प्रजातींची नोंद आहे आणि त्यातले बहुतेक पतंग असेच छोटे, मातकट रंगाचे असतात. डिवचले की त्यातले काही जागच्या जागी गोल फिरतात, म्हणून इंग्रजीत त्यांना ‘ट्विर्लर मॉथ’ म्हणतात. फुलपाखरे आणि पतंग मिळून ‘लेपिडोप्टेरा’ हा गण होतो. त्यात आजवर सुमारे एक लाख ६० हजार प्रजातींचे वर्णन झाले आहे. त्यातली फुलपाखरे साधारण १८ ते १९ हजार. बाकी सगळे पतंगच. म्हणजे ज्यांची सुंदर चित्रे आपण पाहतो त्या फुलपाखरांचा वाटा या गणात आठव्या हिश्शाएवढाच आहे. उरलेल्यांतल्या लहान आकाराच्या कुळांना मिळून अभ्यासक ‘मायक्रोलेपिडोप्टेरा’ किंवा सूक्ष्म पतंग म्हणतात. नव्या प्रजातींची मोठी शक्यता असते ती याच गर्दीत.

तो सापडला कुठे आणि कसा?

कॅनडातील संशोधक डॉ. वाझरिक नझारी हे सूक्ष्म पतंगांचा अभ्यास करत होते. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील बोहार्ट कीटक संग्रहालयातून त्यांनी अभ्यासासाठी काही नमुने मागवले होते. संग्रहालये एकमेकांना आणि संशोधकांना असे नमुने उसने देतात. टपालाने पेट्या जातात, काम झाले की परत येतात. त्या नमुन्यांतले काही पतंग कोणत्याच ज्ञात प्रजातीशी जुळेनात. मग इतर संस्थांकडचे नमुनेही तपासले गेले आणि ही प्रजाती वेगळी असल्याचे स्पष्ट झाले.

यामागे आणखी एक अर्धवट राहिलेली गोष्ट होती. १९९८ मध्ये चेक कीटकशास्त्रज्ञ दालिबोर पोवोल्नी यांनी कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्याजवळील सांता कॅटालिना बेटावरच्या फक्त दोन नर पतंगांवरून ‘निओपाल्पा’ हा नवा जीनस – म्हणजे जवळच्या प्रजातींचा गट – मांडला होता. त्यात त्या वेळी एकच प्रजाती होती, ‘निओपाल्पा निओनाटा’. तिची मादी कशी दिसते, हे तेव्हा ठाऊक नव्हते. नझारी यांच्या शोधनिबंधाने दोन कामे एकदम केली. डीएनए जुळवून त्यांनी निओनाटाच्या मादीचे वर्णन केले आणि त्याच गटातली दुसरी, नवी प्रजाती जगापुढे ठेवली. हा निबंध १७ जानेवारी २०१७ रोजी ‘झूकीज’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला, ट्रम्प यांच्या पहिल्या शपथविधीच्या तीन दिवस आधी.

पंखांच्या नक्षीवरून प्रजाती ओळखता येत नाही का?

मोठ्या पतंगांत बऱ्याचदा येते. सूक्ष्म पतंगांत मात्र नक्षी फसवते. पंखांवरचा रंग हा खरे तर कौलांसारख्या एकावर एक बसलेल्या बारीक खवल्यांचा असतो. पतंग चिमटीत धरला की बोटाला लागणारी पूड म्हणजे हेच खवले. जुन्या नमुन्यांत ते झडलेले असतात. शिवाय एकाच प्रजातीत रंग गडद-फिका असू शकतो, आणि दोन वेगळ्या प्रजाती अगदी सारख्या दिसू शकतात.

म्हणून अभ्यासक पतंगाच्या जननेंद्रियांकडे वळतात. वाचायला विचित्र वाटेल, पण कीटकशास्त्रातली ही रोजची पद्धत आहे. नमुन्याचे पोट अलगद वेगळे करून पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या द्रावणात ठेवतात. मऊ भाग विरघळतो आणि कठीण कवचाचे भाग शिल्लक राहतात. ते ब्रशने साफ करून, रंग देऊन काचपट्टीवर बसवतात. काचपट्टीला क्रमांक देऊन तोच क्रमांक टाचणीवरच्या पतंगाच्या चिठ्ठीवर लिहितात, म्हणजे पुढे पन्नास वर्षांनीही कोणते पोट कोणत्या पतंगाचे याचा घोळ होत नाही.

या भागांची रचना प्रजातीगणिक वेगळी असते. पूर्वी त्यासाठी कुलूप-किल्लीची उपमा देत: एका प्रजातीची किल्ली दुसरीच्या कुलपाला लागत नाही. आता लैंगिक निवडीसारखी इतर कारणेही मानली जातात. कारण काहीही असो, ओळख पटवायला ही खूण पंखांपेक्षा भरवशाची ठरते. नव्या पतंगाच्या नराची ही इंद्रिये निओनाटापेक्षा लहान निघाली. विज्ञानाच्या दृष्टीने तो फरकाचा एक पुरावा होता. समाजमाध्यमांनी त्याचे काय केले असेल, हे सांगायला नको.

डीएनए बारकोड म्हणजे काय?

दुकानातल्या वस्तूवरचा बारकोड जसा एका नजरेत वस्तू सांगतो, तशी कल्पना २००३ मध्ये कॅनडातील ग्वेल्फ विद्यापीठाचे पॉल हेबर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्राण्यांसाठी मांडली. पेशीतल्या मायटोकॉन्ड्रियात ‘सीओआय’ नावाचे जनुक असते. त्यातला सुमारे ६५० अक्षरांचा एक ठरलेला तुकडा वाचायचा आणि इतरांच्या तुकड्यांशी ताडून पाहायचा. एकाच प्रजातीच्या पतंगांत तो जवळपास सारखा असतो; दोन प्रजातींत सहसा ठळक फरक दिसतो. नमुना खराब न करता एक पाय काढला तरी पुरतो.

निओनाटाची मादी अशीच सापडली. नर आणि मादी वेगवेगळ्या वेळी, वेगवेगळ्या माणसांनी पकडलेले असतात. त्यांना एकत्र कुणी पाहिलेले नसते. बारकोड जुळला तेव्हा ती एकाच प्रजातीची जोडी असल्याचे कळले. उलट नव्या पतंगाचा बारकोड निओनाटापासून वेगळा निघाला.

तरीही बारकोड एकट्याने निकाल देत नाही. अलीकडेच वेगळ्या झालेल्या प्रजातींत त्याचे अंतर फार कमी असू शकते आणि कधी एकाच प्रजातीत ते जास्त भरते. त्यामुळे डीएनए, शरीररचना आणि आढळाचा प्रदेश हे तिन्ही एका दिशेला बोट दाखवत असतील, तर दावा पक्का होतो. निओपाल्पाच्या बाबतीत शरीररचना आणि बारकोड दोन्हींत ठळक फरक होता.

मग ‘प्रजातीचे वर्णन करणे’ म्हणजे काय?

बातमीत ‘नवी प्रजाती सापडली’ असे असते. विज्ञानात ती ‘वर्णिली’ जाते. सापडणे आणि वर्णन होणे यांत वर्षे जातात. जैववैविध्याच्या अभ्यासकांनी २०१२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीनुसार, नमुना गोळा झाल्यापासून त्याचे प्रजाती म्हणून वर्णन होईपर्यंत सरासरी २१ वर्षे उलटतात. पकडणारा माणूस निवृत्त होतो तरी पतंग बिननावाचा पेटीतच असतो.

वर्णनाचे नियम प्राण्यांच्या नामकरणाच्या आंतरराष्ट्रीय संहितेत आहेत. एका नमुन्याला ‘होलोटाइप’ म्हणून जाहीर करावे लागते. उद्या कुणी विचारले की या नावाचा पतंग नेमका कोणता, तर उत्तर म्हणून दाखवायचा तो हा एकमेव नमुना. बाजारात वजनमापे तपासायला सरकारी प्रमाण-वजन ठेवलेले असते, तशी ही प्रजातीची प्रमाण-प्रत. तो सार्वजनिक संग्रहात, पाहू इच्छिणाऱ्या अभ्यासकाला उपलब्ध राहील असा ठेवणे अपेक्षित असते. सोबत जवळच्या प्रजातींपेक्षा ही कशात वेगळी आहे, हे शब्दांत आणि चित्रांत द्यावे लागते. कुठे, कधी आणि कुणी पकडला, ही माहितीही लागते. चिठ्ठी हरवलेला देखणा पतंग अभ्यासाच्या दृष्टीने जवळपास निरुपयोगी असतो.

हे सगळे प्रसिद्ध व्हावे लागते. २०१२ पासून फक्त ऑनलाइन प्रकाशनही चालते, पण ‘झूबँक’ या नोंदवहीत त्याची नोंद असावी लागते. भारतात आणखी एक कायदेशीर अट आहे. जैवविविधता कायदा, २००२ नुसार नवी प्रजाती शोधणाऱ्याने त्याची माहिती आणि नमुने सरकारने नेमलेल्या भांडारात जमा करायचे असतात. प्राण्यांसाठी भारतीय प्राणी सर्वेक्षण विभाग हे असे भांडार आहे.

नाव कोण ठेवते? ट्रम्प यांचेच का?

नाव ठेवण्याचा अधिकार वर्णन करणाऱ्याचा. वैज्ञानिक नावातला पहिला शब्द आडनावासारखा – तो जवळच्या नातेवाइकांच्या गटाचा असतो. दुसरा शब्द त्या प्रजातीचा स्वतःचा. पुरुषाच्या सन्मानार्थ नाव दिले तर शेवटी सहसा ‘ई’ लागतो, स्त्रीच्या नावाला ‘ए’. म्हणून ‘डोनाल्डट्रम्प’ला ‘ई’ लागून ‘डोनाल्डट्रम्पी’ झाले. आधीच्याच महिन्यात, डिसेंबर २०१६ मध्ये, हवाईजवळच्या समुद्रातल्या एका माशाला ‘टोसानॉइड्स ओबामा’ असे नाव मिळाले होते. तिथे ‘ई’ नाही, कारण ‘ओबामा’ हा शब्द जसाच्या तसा नाम म्हणून वापरला आहे. तेही नियमात बसते. बराक ओबामा यांनी ऑगस्ट २०१६ मध्ये तिथले पापाहानाउमोकुआकेआ हे संरक्षित सागरी क्षेत्र वाढवले होते, त्याची ती पावती होती.

पतंगाच्या नावामागचा हेतू मात्र पावती देण्याचा नव्हता, लक्ष वेधण्याचा होता. लोकांनी उपेक्षित बारक्या जीवांकडे पाहावे, त्यांच्या वर्गीकरणाचे महत्त्व जाणावे आणि नाजूक अधिवास जपण्याला नव्या अध्यक्षांनी प्राधान्य द्यावे, अशी अपेक्षा नझारी यांनी व्यक्त केली होती. योगायोग असा की या पतंगाचा प्रदेश दक्षिण कॅलिफोर्नियापासून मेक्सिकोच्या बाहा कॅलिफोर्नियापर्यंत, म्हणजे सीमेच्या दोन्ही बाजूंना पसरलेला आहे. याच सीमेवर भिंत बांधण्याचे आश्वासन देऊन ट्रम्प निवडून आले होते.

एकदा दिलेले नाव आवडले नाही म्हणून बदलता येत नाही. स्लोव्हेनियाच्या गुहांतल्या एका आंधळ्या भुंग्याला १९३७ मध्ये हिटलरचे नाव दिले गेले. ते आजही तसेच आहे आणि त्या नावापायी संग्राहक त्या भुंग्याच्या मागे लागल्याने त्याच्या अस्तित्वालाच धोका निर्माण झाला. प्रसिद्ध माणसाचे नाव जिवाला प्रसिद्धी देते, पण ती नेहमी भल्याचीच असेल असे नाही.

इतक्या अभ्यासलेल्या कॅलिफोर्नियात हा आजवर लपून कसा राहिला?

नझारी यांनी निबंधात मुद्दाम नोंदवले ते हेच. दक्षिण कॅलिफोर्निया म्हणजे काही ॲमेझॉनचे घनदाट जंगल नव्हे. दाट लोकवस्ती, मोठी विद्यापीठे, शंभर वर्षांहून अधिक काळ कीटक गोळा करणारे हौशी आणि व्यावसायिक अभ्यासक, असा तो भाग. तरीही तिथे एक आख्खी प्रजाती नावाविना राहिली.

कारण सोपे आहे. पकडणारे पुष्कळ, ओळखणारे थोडे. सेंटिमीटरभराच्या पतंगाचे पंख टाचणीवर पसरवणे हेच कौशल्याचे काम. मग पोट उघडणे, काचपट्ट्या बनवणे, जगभरच्या जुन्या नोंदींशी ताडणे. या कामाला निधी कमी, नोकऱ्या कमी आणि एका कुळातला तज्ज्ञ गेला की त्या जागी दुसरा येईलच याची खात्री नाही. वाघाच्या छायाचित्राला जो मान मिळतो, तो पतंगाच्या काचपट्टीला मिळत नाही.

दुसरीकडे जमीन थांबत नाही. या पतंगाच्या प्रदेशात शहरीकरणाचा मोठा रेटा आहे. निबंध प्रसिद्ध झाला तेव्हा त्याची अळी कोणत्या वनस्पतीवर जगते, हेही ठाऊक नव्हते. सूक्ष्म पतंगांच्या अनेक अळ्या एखाद-दुसऱ्या वनस्पतीवरच पोसतात. ती झुडपे बुलडोझरखाली गेली तर पतंगही गेला, आणि त्याला नावच नसेल तर तो गेल्याची नोंदही होत नाही.

महाराष्ट्राचा याच्याशी काय संबंध?

गेलेकिइडी हे नाव शेतकऱ्याला माहीत नसेल, पण त्या कुळातली गुलाबी बोंडअळी विदर्भ-मराठवाड्यात घराघरात ठाऊक आहे. उमलण्याऐवजी पाकळ्या मिटून राहिलेली डोमकळी दिसली की शेतकऱ्याच्या पोटात गोळा येतो. २०१७ च्या खरिपात या अळीने राज्यात कपाशीचे मोठे नुकसान केले. ज्या वर्षी ट्रम्प-पतंगाच्या गमतीच्या बातम्या आल्या, तेच हे वर्ष. बीटी वाणांतल्या विषाला ही अळी पुरून उरली होती.

या अळीच्या पतंगाचे वर्णन १८४० च्या दशकात ब्रिटिश कीटकतज्ज्ञ विल्यम विल्सन सॉन्डर्स यांनी केले, तेही भारतात कपाशीचे नुकसान करणाऱ्या किडीच्या नमुन्यांवरून. म्हणजे तिच्या नावाचा जन्मच आपल्याकडच्या बोंडातून झाला.

नावाचा उपयोग इथे थेट दिसतो. शेतात लावले जाणारे कामगंध सापळे मादीच्या गंधाची नक्कल करून नरांना ओढतात. पण हा गंध ठरावीक प्रजातीचाच असतो. गुलाबी बोंडअळीची ल्यूर वेगळी, हिरव्या बोंडअळीची वेगळी. कीड ओळखण्यात चूक झाली तर सापळा रिकामा राहतो, शेतकरी निर्धास्त होतो आणि अळी आत बोंड खात राहते. फरदड घेऊ नका, पऱ्हाट्या वेळेत काढा, हे सल्लेही याच प्रजातीचे जीवनचक्र माहीत असल्यामुळे देता येतात.

दुसरे उदाहरण टोमॅटोचे. पानांत नागमोडी बोगदे करणारी आणि फळ पोखरणारी ‘टुटा ॲब्सोल्युटा’ही याच कुळातली. मूळची दक्षिण अमेरिकेतली ही कीड २००६ मध्ये स्पेनमध्ये पोहोचली आणि २०१४ मध्ये भारतात तिची पहिली नोंद झाली ती महाराष्ट्रात. ती पाहणाऱ्यांना ‘ही आपल्याकडची नव्हे’ असे म्हणता आले, कारण तिचे वर्णन १९१७ मध्येच पेरूतल्या नमुन्यावरून झालेले होते. शंभर वर्षांपूर्वी कुणीतरी नाव देऊन ठेवलेल्या पतंगाचा उपयोग असा, दुसऱ्या खंडात होतो.

भारतात सूक्ष्म पतंगांचा अभ्यास कुठवर आला आहे?

भारतात पतंगांच्या दहा हजारांहून अधिक प्रजातींची नोंद आहे. त्यातल्या सूक्ष्म पतंगांची कितीतरी नावे एकाच माणसाने ठेवलेली आहेत. एडवर्ड मेरिक हे इंग्लंडमधल्या मार्लबरो कॉलेजात अभिजात भाषा शिकवणारे शाळामास्तर. फावल्या वेळात त्यांनी जगभरातून आलेल्या चौदा हजारांच्या घरात सूक्ष्म पतंगांना नावे दिली. वर सांगितलेल्या टोमॅटोवरच्या पतंगाला नाव देणारेही तेच. भारतातूनही त्यांच्याकडे नमुने जात. बिहारमधल्या पुसा येथील कृषी संशोधन संस्थेतले कीटकतज्ज्ञ बेनब्रिग फ्लेचर यांचा त्यांच्याशी संपर्क असे.

मेरिक यांची अडचण ही की ते जननेंद्रियांची तपासणी मानत नसत. पंख आणि डोके पाहून वर्णन करत. त्यामुळे त्यांचे छापील वर्णन वाचून आज नेमकी प्रजाती ठरवणे अवघड जाते. त्यांचा संग्रह लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियममध्ये आहे. पुढे अमेरिकी तज्ज्ञ गेट्स क्लार्क यांनी त्यातल्या अनेक होलोटाइपांची पोटे तपासून आठ खंडांत चित्रे प्रसिद्ध केली, तेव्हा ते काम बाकीच्यांना वापरता येऊ लागले.

याचा अर्थ असा की सह्याद्रीत आज एखादा बारका पतंग सापडला, तर तो खरोखर नवा आहे की शंभर वर्षांपूर्वी नाव मिळालेला आहे, हे ताडण्यासाठी लंडनमधल्या नमुन्यांपर्यंत जावे लागू शकते. पुण्यात भारतीय प्राणी सर्वेक्षण विभागाचे पश्चिम विभागीय केंद्र आहे, मुंबईत १८८३ पासूनची बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी आणि तिचा संग्रह आहे. साधने आहेत. कमी आहेत ती या कामाला आयुष्य देणारी माणसे.

मोबाइलवर फोटो काढून सामान्य माणूस यात भर घालू शकतो का?

हो, आणि घालत आहेत. जुलैचा शेवटचा आठवडा २०१२ पासून ‘नॅशनल मॉथ वीक’ म्हणून साजरा होतो. आपल्याकडे तो ऐन पावसाळ्यात येतो, म्हणजे पतंगांच्या ऐन हंगामात. गच्चीत किंवा अंगणात पांढरी चादर ताणायची, पुढे दिवा लावायचा आणि चादरीवर येऊन बसणाऱ्यांचे फोटो घ्यायचे. ‘आय-नॅचरलिस्ट’, ‘इंडिया बायोडायव्हर्सिटी पोर्टल’ किंवा ‘मॉथ्स ऑफ इंडिया’ यांवर ते टाकले की जाणकार ओळख पटवायला मदत करतात.

फोटो उपयोगी पडावा म्हणून काही साध्या गोष्टी पाळाव्यात. वरून एक, बाजूने एक असे किमान दोन फोटो घ्यावेत. शेजारी मोजपट्टी ठेवावी, म्हणजे आकार कळतो. तारीख, वेळ आणि ठिकाण नक्की नोंदवावे. अळी दिसली तर ती कोणत्या झाडावर होती, हे आवर्जून लिहावे; तज्ज्ञांकडेही बऱ्याचदा नेमकी हीच माहिती नसते. काम झाले की दिवा बंद करावा, म्हणजे पतंग आपल्या वाटेला लागतात.

मर्यादाही ध्यानात ठेवायला हवी. सूक्ष्म पतंगाच्या फोटोवरून ‘नवी प्रजाती सापडली’ असे सहसा जाहीर करता येत नाही. त्यासाठी नमुना, काचपट्टी आणि तुलना लागतेच. पण इथे काहीतरी वेगळे दिसते आहे, हा पहिला निरोप फोटो नक्की देऊ शकतो.

नाव मिळाल्याने पतंग वाचेल का?

आपोआप नाही. अमेरिकेत असो वा भारतात, वैज्ञानिक नाव म्हणजे कायदेशीर संरक्षण नव्हे. त्यासाठी संख्या, अधिवास आणि धोका यांचा अभ्यास होऊन प्रजाती सरकारी यादीत यावी लागते. मात्र त्या यादीचा पहिला रकाना नावाचाच असतो. बिननावाच्या जिवासाठी अर्जही करता येत नाही, त्याच्या अधिवासाचा नकाशाही काढता येत नाही. आणि तो पिकावरची कीड असेल, तर त्याच्यासाठी ल्यूरही बनवता येत नाही.

ट्रम्प यांच्या नावाने या पतंगाला जगभर ओळख दिली, पण ती ओळख बहुतेकांसाठी केसांपाशीच थांबली. नझारी यांना जे दाखवायचे होते ते त्यापुढे होते: माणसांनी गजबजलेल्या, वर्षानुवर्षे पायाखालच्या प्रदेशातही ज्यांना आपण एकदाही नीट पाहिलेले नाही, असे जीव आहेत. आज रात्री स्वयंपाकघरातल्या दिव्याजवळ भिंतीवर एखादा मातकट, नखाएवढा पतंग बसलेला दिसेल. तो कोणता, हे खात्रीने सांगू शकणारी माणसे फार थोडी आहेत. ती वाढली, तर पुढची गुलाबी बोंडअळी वेळेत ओळखली जाईल आणि एखादा निरुपद्रवी पतंग नाव मिळण्याआधीच नाहीसा होणार नाही.